पाट्याच्या लोखंडाची सुरी: या चुका टाळा

"स्टेनलेस नको, जुन्या पोलादाचीच सुरी करा," असं गिऱ्हाईक म्हणालं की लगेच होकार देऊ नका. आधी विचारा: भाजी चिरायची की हाडं तोडायची? आणि वापरल्यावर पुसून ठेवणार कोण? खानापूरच्या पावसात ओली राहिलेली सुरी एका रात्रीत तांबारते. पुसायची सवय नसलेल्या घराला स्टेनलेसच सुचवा, त्यात कमीपणा नाही. चिंच, कोकम, लिंबू लागलं की पातं काळंनिळं पडतं. तो गंज नव्हे, हे सुरी देतानाच सांगा. नाहीतर आठवड्यात तक्रार येते.

दुसरी चूक भंगारातल्या ट्रकच्या पाट्याची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीची. वर्षानुवर्षं वाकून त्यात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, त्या पाणी दिल्यावरच, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केल्यावरच, उघड होतात. जमेल तिथे ग्रेड माहीत असलेली नवी पट्टी घ्या, उदाहरणार्थ एसयूपी-९ हे स्प्रिंगचं पोलाद. जुनाच पाटा वापरायचा तर एक तुकडा तापवून तेलात विझवा. त्यावर कानस घसरली पाहिजे. मग तो मोडून बघा: तुटलेला भाग राखाडी, रेशमासारखा बारीक हवा. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर तापवणं जास्त झालं.

सगळ्यात जास्त पाती फुटतात ती पाणी देताना. शब्द "पाणी देणं" असला तरी पाट्याच्या लोखंडाला पाणी नको, तेल हवं. त्यातल्या क्रोमियम, मँगनीजसारख्या धातूंमुळे ते तेलातही पुरेसं कडक होतं. पाण्यात इतक्या झपाट्याने आवळतं की टण् आवाज होऊन चीर जाते. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. पातं तापवताना सुमारे ७७० अंशांना त्याला चुंबक चिकटेनासा होतो, तिथेच थांबू नका. ८३०-८५० पर्यंत न्या. पातं सरळ उभं बुडवा, आडवं हलवलं की वाकतं. धारेकडे दीड मिलिमीटर जाडी राखा, बाकीचं नंतर घासा.

तेलात विझवल्यावर तासाभराच्या आत पातं ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवा. हाडं तोडायच्या सत्तूरला २५० अंश. घासताना पातं निळं झालं तर तेवढा भाग मऊ पडला, म्हणून उघड्या हाताने धरा आणि सारखं पाण्यात बुडवत राहा.

तरीही सुरी परत आलीच, तर धार बघा. तिचे कपचे उडाले असतील तर पुन्हा ओव्हनमध्ये, २० अंश वाढवून. वळली असेल तर लगेच पुन्हा तापवू नका. वरचा थर भट्टीत कार्बन गमावून मऊ झालेला असू शकतो. थोडं घासून, नवी धार लावून आधी तपासा.