रोबो व्हॅक्यूमसाठी पट्टी लावताय? आधी सोफ्यावर कुणाला तरी बसवा

रविवार आला की सोसायटीतून एक फोन ठरलेला: "अहो, केर काढणारा रोबो सोफ्याखाली शिरू नये म्हणून पट्टी लावली, तरी अडकतोच!" जाऊन बघावं तर त्याच त्या चुका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकाम्या सोफ्याखाली टेप धरून मोजणं. मीही केली होती. आमचा रोबो डोक्यावरच्या लेझरच्या घुमटासकट 9.6 सेंटिमीटर, सोफ्याखाली फट 10.5. म्हटलं, आरामात जाईल, पट्टी कशाला? दुसऱ्याच दिवशी रोबो आत असताना सासरे पेपर घेऊन बसले. सोफा दबला, खालचं कापड आधीच लोंबलेलं, घुमट रुतला. खालून केविलवाणं टुंईटुंई सुरू. सासऱ्यांना वाटलं मोबाइल वाजतोय, म्हणून त्यांनी बसल्या जागी सगळ्या उशा उलथ्यापालथ्या केल्या. शेवटी दोघांनी मिळून सोफा उचलला तेव्हा घुमटावर हा लांब चरा. आता मी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवतो आणि मगच मोजतो. रोबोच्या उंचीपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त जागा उरली तर ठीक, नाहीतर पट्टी.

आणि पट्टी म्हणजे फक्त पुढची नव्हे! पुढून दिसते म्हणून तेवढीच लावतात. रोबो बाजूने शिरतो, पुढे येऊन पट्टीवर धडका देतो आणि आतच बॅटरी संपवून बसतो. पट्टी नसती तर निदान बाहेर तरी पडला असता. बाजूही बंद करा. भिंत आणि सोफा यांत 30 सेंटिमीटरहून कमी जागा असेल तर मागची बाजू सोडली तरी चालते, 35 सेंटिमीटरचं धूड तिथे मावत नाही.

पुठ्ठा नको. लादी पुसताना भिजतो, फुगतो, मग रोबो तो आत ढकलून स्वतःही आत. मी 5 मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) सहा-सात सेंटिमीटर उंच कापतो, जमिनीपासून अर्धा सेंटिमीटर वर ठेवतो आणि सोफ्याच्या पायांनाच बांधतो. लादीवर डबल टेप चिकटवून "पाच मिनिटांत काम झालं" म्हणणाऱ्यांचेच फोन येतात.

सोफ्याला मॅचिंग म्हणून काळी पट्टी लावू नका. कित्येक रोबो समोरचा अडथळा इन्फ्रारेड किरणांनी ओळखतात; काळ्यावरून ते फारसे परत येत नाहीत, त्यामुळे ते वेग कमी न करता धाडकन आदळतात. पांढरी लावा, दिसू दे दिसली तर.

पट्टीऐवजी जमिनीवर बारीक पाइप टाकणं तर साफ चूक. दोन सेंटिमीटरचा उंबरा चढणारं यंत्र पाइपवरही चढतं आणि चाकं हवेत ठेवून लटकतं.

ॲपमधल्या नकाशात नो-गो झोन (रोबोने जायचं नाही अशी जागा) आखला की झालं, म्हणणारेही आहेत. सोफा हातभर सरकवून बघा, मग बोलू.

कपडे वाळत घालायच्या स्टँडला मात्र माझ्याकडेही पट्टी नाही. रोबो सुरू करण्याआधी मी तो ओल्या कपड्यांसकट उचलून बाल्कनीत ठेवतो.