७,२०,७२० ही संख्या कशी उलगडावी

सहा अंकी संख्या दिसली की हात आपोआप मोबाइलच्या कॅल्क्युलेटरकडे जातो. आज तो राहू द्या. कागद आणि पेन पुरे.

आधी भागाकार नको, नुसते बघा. ७२० आणि पुन्हा ७२०. तीन अंक जसेच्या तसे दोनदा आले की ती संख्या १००१ च्या पटीत असते, कारण ७२० ची हजारपट अधिक ७२० म्हणजे ७२० × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. ज्यांच्या कसोट्या शाळेत कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, ते तिन्ही अवयव असे फुकटात हाती आले!

उरले ७२०. त्याचे ७२ × १० करा, पुढे फोडत जा: २⁴ × ३² × ५. म्हणून,

७,२०,७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३

ताळा करून घ्या: १४४ × ५००५. (अंकांची अशी सोय नसेल, तर २, ३, ५, ७, ११ अशा मूळसंख्यांनी क्रमाने भागत जावे. पुढच्या मूळसंख्येचा वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबावे. उरलेली संख्या १ नसेल, तर ती मूळच असते.)

खरे कष्ट इथे संपले. आता विभाजक मोजू. एखादा विभाजक बनवताना २ चा घात ० पासून ४ पर्यंत कुठलाही घेता येतो, म्हणजे पाच पर्याय. ३ चे तीन, बाकी चौघांचे दोन-दोन. ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. घातांकात १ मिळवायला विसरणे ही इथली नेहमीची चूक. ० हाही घात आहे.

याहून लहान कुठल्याच संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध लिहिला होता.

पूर्ण वर्ग आहे का? नाही, ५, ७, ११, १३ यांचे घात विषम आहेत. ५००५ ने गुणले की होईल. शेवटी शून्य एकच का? अवयवांत ५ एकदाच आहे म्हणून.

अंकांची बेरीजही करून पाहा: १८. आणि ७,२०,७२० ÷ १८ = ४०,०४०, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी नाव दिले, हर्षद. आनंद देणारी.

माझ्या मते या संख्येची खरी ऐट मात्र लसाविमध्ये आहे. १ ते १६ या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या. १७ ने भागा, बाकी ५ उरते. त्यालाही सामावून घ्यायचे तर थेट १,२२,५२,२४० गाठावे लागते.