मंडळीत समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचे स्वागत कसे करावे

‘सर्वांचे स्वागत आहे’ ही पाटी बहुतेक चर्चच्या फाटकावर असते, पण समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती ती वाचून आत येत नाही. आधी ओळखीच्या कोणाला तरी फोन करून ‘तुमच्याकडे मला चालवून घेतील का?’ असे ती विचारते. म्हणून कामाची सुरुवात कमिटीच्या बैठकीपासून करावी. या व्यक्तींना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील भाकर आणि द्राक्षरस, घेता येईल का, गायकवृंदात गाता येईल का, संडे स्कूलमध्ये शिकवता येईल का आणि कमिटीच्या निवडणुकीला उभे राहता येईल का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पाळक आणि सभासदांनी स्पष्ट लिहून ठेवावे. दोन वर्षे गायकवृंदात गाऊ दिल्यानंतर ‘पद मात्र देता येणार नाही’ असे सांगणे हे पहिल्याच दिवशी नकार देण्यापेक्षा अधिक क्रूर आहे, असे माझे मत आहे.

या बैठकीत वाद होणारच, आणि तो दाबू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात झाली, तेव्हा बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या आणि माणूस सज्ञान होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत बाप्तिस्म्यासाठी थांबणाऱ्या अशा दोन्ही परंपरा एकत्र आल्या. हा मतभेद लहानसहान नव्हता, तरी दोन्ही घरांतील माणसे तेव्हापासून एकाच मेजावरची भाकर घेत आली आहेत. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय कोणालाही आत घेता येत नाही, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना याची नम्रपणे आठवण करून द्यावी.

त्यानंतर दारावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांकडे वळावे. आमच्यासारख्या काही मंडळ्यांत अजूनही एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया बसतात. एका नाताळच्या उपासनेला सुती साडी नेसून आलेल्या पारलिंगी स्त्रीला दारावरच्या गृहस्थांनी न बोलता हाताने पुरुषांची बाजू दाखवली. त्या संपूर्ण उपासना चपलांच्या रॅकजवळ उभ्या राहिल्या आणि अर्पणाच्या आधीच निघून गेल्या. गृहस्थ दुष्ट नव्हते, त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. यावरचा उपाय सोपा आहे: निदान मागच्या चार रांगा कुटुंबांसाठी एकत्र ठेवाव्यात आणि दारावर ‘या, कुठे बसायला आवडेल?’ एवढेच विचारावे.

आपल्या भाषेत क्रियापदच लिंग उघड करते. ‘कधी आलास?’ की ‘कधी आलीस?’ येथे चूक होते आणि समोरची व्यक्ती मिटून जाते. ‘आपण कधी आलात?’ या आदरार्थी रूपात हा प्रश्न उरत नाही, म्हणून नवीन व्यक्तीशी प्रथम असेच बोलावे आणि ओळख झाल्यावर तुम्हाला कसे संबोधू, असे एकांतात विचारावे. व्यासपीठावरून ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ऐवजी ‘प्रिय मंडळी’ म्हणावे. हे संबोधन आपल्याकडे जुनेच आहे. संडे स्कूलमध्ये एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवले गेले, तर शिक्षकांनी त्याच क्षणी थांबवावे, कारण त्या वर्गात गप्प बसलेले दुसरेही एखादे मूल ते ऐकत असते.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय, हा पाठ या कामी फार उपयोगाचा आहे, मात्र तो तयारीशिवाय वाचू नये. मराठी शास्त्रात इथिओपियाच्या राणीच्या खजिनदाराला ‘षंढ’, म्हणजे खच्ची केलेला पुरुष, म्हटले आहे आणि हाच शब्द आपल्या रस्त्यांवर शिवी म्हणून फिरतो. वाचनाआधी पाळकांनी सांगावे, की जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील २३:१ प्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, यशया ५६ मध्ये त्यालाच परमेश्वराच्या मंदिरात नाव आणि स्थान देण्याचे वचन मिळाले, आणि सुवार्तिक फिलिप्पाने तर या खजिनदाराला वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा दिला. एवढे सांगितल्यावर तो शब्द कानाला टोचत नाही, त्याचा अर्थ कळतो.

गुप्ततेबाबत नागपुरातील सदरसारख्या वस्तीत विशेष जपावे लागते, कारण तेथे दोन घरांमागे एक नातेवाईक निघतो. कोणी पाळकांजवळ मन मोकळे केले, तर ती गोष्ट कमिटीलाच काय, पाळकांच्या घरीही कळू नये. गृहप्रार्थनेत ‘अमुक ताईंच्या मुलाच्या त्या प्रश्नासाठी’ अशी विनंती मोठ्याने मांडणे म्हणजे प्रार्थनेच्या नावाने बातमी फोडणे होय. ‘सुटके’साठी उपास लावणे किंवा डोक्यावर हात ठेवून भूत काढणे हे पूर्णपणे बंद करावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि लैंगिक कल बदलण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले आहे.

लग्नाबाबत खोटी आशा लावू नये. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे पाळकांना असे लग्न कायदेशीररीत्या लावता येत नाही. तरीही एकत्र राहणाऱ्या दोघांनी नव्या घरात प्रार्थनेसाठी बोलावले, तर जाण्यास काहीच अडचण नसावी. भाड्याच्या खोलीसाठी आपण प्रार्थना करतोच, मग त्या खोलीतल्या माणसांसाठी का करू नये?

शेवटी मंडळीचे रजिस्टर पाहावे. बाप्तिस्म्याची जुनी नोंद खोडता येत नसली, तरी सभासदांच्या यादीत आणि हजेरीत व्यक्तीने स्वीकारलेले नाव लिहिता येते. संकटाच्या वेळी कोणाला कळवायचे हा रकाना त्या व्यक्तीकडूनच भरून घ्यावा, कारण घरच्यांनी नाते तोडलेले असू शकते. कबरीवरच्या क्रूसावर कोणते नाव घालायचे, हेही तेव्हाच विचारून, तिच्या सहीनिशी पाळकांच्या फाइलमध्ये ठेवावे.