‘समजलं का?’ विचारणं मी सोडलं, त्याची गोष्ट

टाळेबंदीत अकरावीला भौतिकशास्त्र ऑनलाइन शिकवायला लागलो तेव्हा दर दहा मिनिटांनी ‘समजलं का?’ विचारायचो. चॅटमध्ये ‘येस सर’ची रांग लागायची. पहिल्या चाचणीचे पेपर तपासले आणि त्या रांगेचा अर्थ कळला. वर्गात निदान चेहरे दिसतात. इथे नुसती नावाची आद्याक्षरं.

नवीन शिक्षकांना माझं पहिलं सांगणं: असा प्रश्न विचारा, ज्याचं चुकलेलं उत्तरही काहीतरी सांगेल. उदाहरणार्थ, चेंडू सरळ वर फेकला, सर्वांत उंच बिंदूवर त्याचं त्वरण (वेग बदलण्याचा दर) किती? भरपूर मुलं ‘शून्य’ लिहितात. शून्य असतो तो वेग. त्वरण तिथेही खालच्या दिशेने ९.८ मी/से²च असतं. म्हणजे दोन्हींची गल्लत झालीय, सूत्र पाठ असूनही.

उत्तर मागायची रीतही महत्त्वाची. ‘लिहा, पण पाठवू नका. मी “आता” म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवा.’ नाहीतर हुशार मुलाचं उत्तर येतं आणि बाकीचे त्याखाली री ओढतात.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची पद्धत इथे उपयोगी पडली: आधी एकट्याने उत्तर, मग आपसात वाद, मग पुन्हा उत्तर. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर वाद रंगतो. त्याहून कमी असतील तर निमूटपणे पुन्हा शिकवावं. ब्रेकआउट रूममध्ये (ऑनलाइन तासातच छोट्या गटांसाठी केलेल्या वेगळ्या खोल्यांत) दोघादोघांना सोडलं तर बहुतेक ठिकाणी शांतता. तिघांचे गट केले, तेव्हा कुठे कुणीतरी तोंड उघडलं.

गुण मात्र ठेवू नका. मी एकदा दोन गुण ठेवले, तर वीसेक उत्तरं शुद्धलेखनाच्या चुकीसकट सारखी आली!

ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट: आज काय अडलं ते बोला. लिहिलेल्यापेक्षा हे बरं, कारण मूल नेमकं कुठे अडखळतंय ते ऐकू येतं. सगळ्या रोज ऐकणं जमत नाही. मी पाच-सहाच ऐकायचो, रोज वेगळ्या मुलांच्या.

त्या चेंडूच्या तासानंतर एकीची नोट आली. मागे कुकरची शिट्टी, आणि ती म्हणत होती, ‘सर, मीपण शून्यच लिहिलं होतं. पण वर त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच राहिला असता ना? खाली आलाच कशाला असता?’