आधी बोट ठरवा, मग खोली

मालदीवला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती खोलीची. पाण्यावरची घ्यायची की वाळूवरची, सूर्योदयाकडची की सूर्यास्ताकडची. २०२२ साली आमच्याकडेही हेच झालं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच निघालो होतो. फोटो बघून खोली पसंत केली, पैसे भरले आणि बाकीचं एजंटावर सोडून दिलं. विमान मालेला टेकलं तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. तिथून बेटावर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, दिवसाउजेडीच उडतं आणि त्या दिवसाचं शेवटचं निघून गेलेलं होतं. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या एका साध्या हॉटेलात काढली, तेही स्वतःच्या खर्चाने. रिसॉर्टवरच्या पहिल्या रात्रीचे पैसे भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत. त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं: पुढच्या वेळी आधी बोट ठरवायची, मग खोली.

पुढची वेळ मागच्या एप्रिलमध्ये आली. या वेळी आम्ही चौघं होतो: आम्ही दोघं, पुण्यात नोकरी करणारी लेक आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. ही सहल सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच आखली. लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे आणि दुकानाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे इथेही मी एकेक रकमेची नोंद केली. आपल्या भागातून कोणी जाणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सांगते.

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं. महागड्या रिसॉर्टांची तिथली पद्धत अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट. विमानतळ मालेशेजारच्या हुलहुले बेटावर आहे. तिथून पुढे जायला तीन वाटा आहेत. जवळच्या बेटांना स्पीडबोट, लांबच्यांना सीप्लेन आणि फारच लांब असेल तर देशांतर्गत विमान व वर पुन्हा बोट. यातलं आपल्याला काय झेपतं, हे खोली बघायच्या आधी ठरवा. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी साधारण ४०० ते ६०० डॉलर पडतं आणि ते खोलीच्या दरात बहुधा धरलेलं नसतं. सामान २० किलो आणि हातातलं ५ किलो, त्यावर गेलं की जादा पैसे. वरून निळ्या पाण्यातली कंकणासारखी बेटं दिसतात, ते दृश्य खरोखर विसरता येत नाही. जोडप्याने जायचं असेल तर एकदा हा खर्च जरूर करा. मात्र विमान दुपारी दोनच्या आत मालेला उतरेल असंच तिकीट काढा. रिसॉर्टला ईमेल करून विचारा, "आमचं विमान अमुक वाजता उतरतं, त्याच दिवशी सीप्लेन मिळेल का?" उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका.

सासूबाई बरोबर होत्या म्हणून आम्ही स्पीडबोटीने जाता येईल असंच बेट शोधलं. पाऊण तासाच्या आतलं. बोट रात्रीही नेते, त्यामुळे विमानाला थोडा उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. बसताना मागच्या बाजूला बसा, पुढे आपट फार बसते. उलटीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा तास आधी घ्या. सासूबाईंनी आवळासुपारी तोंडात ठेवली आणि नातीचा हात घट्ट धरून बसल्या. त्यांना काही झालं नाही, लेकीला मात्र मळमळलं.

आपल्याकडच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. रात्री लातुरात गाडीत बसलं की सकाळी मुंबई येते, म्हणून त्याच दिवशीचं विमान धरायचा मोह होतो. धरू नका. गाडी दोन तास लेट झाली तर विमान जाईल, विमान गेलं की बोट जाईल आणि बोट गेली की तिथली रात्र वाया. आम्ही आदल्या दिवशीच मुंबईला पोचलो, विमानतळाजवळ मुक्काम केला आणि सकाळचं थेट विमान पकडलं. प्रवास साधारण तीन तासांचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. काही रिसॉर्ट आपल्या बेटाचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, तेव्हा बोटीची वेळ कोणत्या घड्याळाने सांगितली ते विचारून घ्या.

तारखा ठरवणं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. तिकडे कोरडा आणि शांत समुद्राचा काळ डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याकडे सोयाबीनची आवक, जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची, मागोमाग हरभरा. त्या दिवसांत दुकान सोडून कोणी हलू शकत नाही. नाताळ ते नववर्ष हा काळ तर सोडूनच द्या. तेव्हा दर सगळ्यात चढे असतात, बऱ्याच ठिकाणी ३१ डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे सक्तीने घेतात आणि त्याच सुमाराला आपली येळवस (वेळ अमावस्या) येते. येळवशीला शेतात कोपीपाशी बसून भज्जी आणि आंबील सोडून मी कुठेही जाणार नाही. ईस्टर झाला की तिकडचे दर उतरायला लागतात आणि हवा अजून बिघडलेली नसते. एप्रिलचा शेवटचा आठवडा आम्हाला असा सापडला. मेपासून पुढे पाऊस-वारा वाढतो, पण दर बरेच खाली येतात. ज्यांना महाकाय मांटा मासे बघायचे आहेत त्यांनी तर पावसाळ्यातच जावं. बा अटोल या बेटांच्या समूहातल्या हनिफारू खाडीत ते मे ते नोव्हेंबरात जमतात.

आता पैसे. सोयाबीनचा भाव पाच हजार पुकारला तरी पट्टीवर हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात वेगळाच आकडा येतो. रिसॉर्टचं नेमकं उलटं, तिथे वर चढत जातं. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजा, सेवाशुल्क आणि कर अजून लागायचे आहेत. सेवाशुल्क १० टक्के, त्या बेरजेवर पर्यटन कर १७ टक्के. म्हणजे ५०० डॉलरची खोली आधी ५५० आणि मग ६४३.५० डॉलरला पडते. शिवाय रिसॉर्टवर हरित कर माणशी दर रात्री १२ डॉलर. आम्ही चौघं, चार रात्री, म्हणजे १९२ डॉलर फक्त हा कर. दोन खोल्या चार रात्री ५०० च्या दराने ४,००० वाटतात, हिशेब ५,३४० वर जातो. यात बोट नाही. म्हणून एजंट असो की रिसॉर्ट, एकच प्रश्न विचारा: "बोट, जेवण, सगळे कर धरून शेवटचा आकडा किती?" भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वर घेतात. त्याची नोंद आपल्या पॅनवर बरोबर झाली आहे ना ते पाहा, म्हणजे रिटर्न भरताना ती रक्कम वळती करता येते.

खोलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. म्हातारी माणसं किंवा लहान लेकरं बरोबर असतील तर वाळूवरचीच खोली घ्या. पाण्यावरच्या खोलीतून पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात, पुष्कळ ठिकाणी कठडा नसतो आणि जेवायला जायचं तर लाकडी पुलावरून लांब चालावं लागतं. दोघांनीच जायचं असेल तर पहिल्या रात्री वाळूवर आणि शेवटच्या दोन रात्री पाण्यावर असं वाटून घ्या. सूर्यास्ताकडच्या खोलीला जास्त पैसे मोजावे लागतात आणि दुपारभर तिथे ऊन तापतं. आम्ही सूर्योदयाची बाजू घेतली. सासूबाई पहाटे उठून हरिपाठ म्हणत ओसरीवर बसायच्या आणि सूर्य थेट पाण्यातून वर यायचा.

जेवण आधीच ठरवून घ्या, कारण बेटावर बाहेर खानावळ नसते. दारू घेणारं कोणी नसेल तर सगळं धरलेल्या महागड्या योजनेची गरज नाही. तिन्ही वेळचं जेवण धरलेली योजना पुरते, फक्त त्यात पिण्याचं पाणी आणि चहा आहे का ते विचारा. सासूबाई माळकरी. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. "मासे नको, अंडं नको, माशाचा रस्साही नको" असं तोडून लिहावं लागतं, कारण तिथे मासळी बऱ्याच पदार्थांत असते. आम्ही तीन आठवडे आधी ईमेल केला. तिथल्या भारतीय आचाऱ्याने वरण-भात दिला, शिवाय एक छान सोय सापडली. तिकडे सकाळी मस हुनी नावाचा प्रकार खातात, टूना मासा, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची कालवून, रोशी नावाच्या पातळ पोळीबरोबर. आचाऱ्याने सासूबाईंसाठी मासा वगळून नुसतं खोबरं-कांदा-लिंबू कालवलं. त्यांनी चारही दिवस तेच खाल्लं, बरोबर आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई न्हाणीघरातून बाहेरच येईनात. बघते तर नळ अर्धवट सोडून बादली भरत होत्या. बादली त्यांनी सफाईवाल्या पोराकडून मागून घेतली होती.

"हे पाणी कुठनं येतंय गं?"

"समुद्राचंच आहे, आत्याबाई. मशीन लावून गोडं करतात."

त्यांनी हात ओला करून जिभेला लावला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीत टँकरपुढे त्या घागर घेऊन उभ्या राहिलेल्या. चार दिवस त्या एका बादलीतच न्हाल्या. त्या गोड्या पाण्यासाठी बेटावर बहुतेक डिझेल जाळूनच वीज तयार होते, तेव्हा रोज तास-तासभर शॉवर सोडून ठेवू नका. पिण्यासाठी रिसॉर्ट काचेच्या बाटल्या भरून देतं, तेच पाणी प्या.

पोहण्याचं नीट ऐका. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. आमचे हेही तसेच. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, समुद्राला असते. बेटाभोवती आधी उथळ, शांत पाण्याचं तळं असतं, त्यापुढे प्रवाळाची कड आणि कडेपलीकडे एकदम खोल. पोहता न येणाऱ्यांनी रुंद उथळ तळं असलेलं बेट निवडावं, मासे बघायचे असतील तर प्रवाळ किनाऱ्याजवळ असलेलं. दोन्ही एकाच ठिकाणी क्वचित मिळतं, तेव्हा आधी विचारा. कडेपर्यंत जायचंच तर लाइफ जॅकेट घालून, तिथल्या प्रशिक्षकाबरोबर आणि भरती-ओहोटी विचारून. प्रवाळावर उभं राहू नका, तो जिवंत असतो आणि आपला पायही कापतो. विषुववृत्ताजवळचं ऊन लातूरच्या उन्हापेक्षा वेगळं चावतं. वारा गार लागतो म्हणून कळत नाही. पाण्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ह्यांची पाठ पहिल्याच दिवशी सोलून निघाली.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीयांना पोचल्यावर पर्यटक व्हिसा फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा. प्रवासाआधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, जाताना आणि परतताना दोन्ही वेळा. तो फुकट असतो, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. खरी अडचण नावाची येते. सासूबाईंच्या आधारवर एक नाव आणि मतदार कार्डावर दुसरं. ते दुरुस्त करून पासपोर्ट काढण्यात आमचे काही महिने गेले. घरात म्हातारं माणूस असेल तर सुरुवात इथूनच करा.

दारू तिथे नेता येत नाही. पूजेच्या मूर्तींनाही तिथल्या कस्टमची बंदी आहे. सासूबाई रोज बाळकृष्णाला न्हाऊ घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. हे मी त्यांना महिनाभर आधी सांगितलं. बाळकृष्ण शेजारच्या काकूंकडे ठेवला, गळ्यातली तुळशीमाळ तेवढी बरोबर आली.

पासपोर्टच नसेल तर अंदमान बघा. पूर्वीच्या हॅवलॉकला आता स्वराज द्वीप म्हणतात. तिथला राधानगर किनारा रुंद आणि पांढऱ्या वाळूचा आहे, उत्तम रिसॉर्टही आहेत. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय. तिथून स्वराज द्वीपला फेरीबोटीने जावं लागतं. इथेही तेच, विमान सकाळचं आणि बोटीचं तिकीट आधी.

परतीच्या दिवशी सीप्लेनची वेळ रिसॉर्ट आदल्या संध्याकाळी कळवतं, म्हणून परतीचं विमान सकाळचं घेऊ नका, दुपारनंतरचंच घ्या. बिल आदल्या रात्री मागून एकेक ओळ तपासा. आमच्या बिलात दुसऱ्या खोलीचे दोन चहा आले होते, सांगितल्यावर लगेच काढले. सफाईवाल्या पोरांसाठी पाच-दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा ठेवा. वाळू, प्रवाळ, शंख-शिंपले बॅगेत भरू नका, ते देशाबाहेर न्यायला मनाई आहे. सासूबाईंनी तुळशी वृंदावनात ठेवायला दोन शिंपले पदरात बांधले होते. बोट लागली तेव्हा त्यांनी गाठ सोडली, शिंपले ओल्या वाळूवर ठेवले आणि पाण्याला नमस्कार करून बोटीत मागच्या बाजूला जाऊन बसल्या.