डोपामीन मोजणारे नॅनो-संवेदक बनवताना या चुका टाळा

ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ग्राफीनचा किंवा कार्बन नॅनोट्यूबचा थर चढवला, फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) डोपामीन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन घातले आणि विभव (व्होल्टेज) बदलत नेताना विद्युतप्रवाहाच्या आलेखावर ठसठशीत शिखर उमटले, की संवेदक तयार झाला असे मानण्याची घाई होते. निव्वळ बफरमधले ते शिखर मेंदूतल्या मापनाविषयी मात्र फारच थोडे सांगते.

सर्वांत महागात पडते ते ॲस्कॉर्बिक आम्लाकडे, म्हणजे क जीवनसत्त्वाकडे, झालेले दुर्लक्ष. मेंदूतील पेशीबाह्य द्रवात ते काही शे मायक्रोमोलर असते, तर डोपामीनची मूळ पातळी नॅनोमोलरमध्ये मोजावी लागते आणि साध्या कार्बनवर दोघांचे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) जवळजवळ एकाच विभवाला होते. त्यातच ऑक्सिडीकरणाने डोपामीनपासून तयार झालेले क्विनोन हे संयुग ॲस्कॉर्बेटकडून (ॲस्कॉर्बिक आम्लाच्या आयनाकडून) इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा डोपामीन बनते, तोच रेणू इलेक्ट्रोडवर दुसऱ्यांदा ऑक्सिडीकृत होतो आणि विद्युतप्रवाह खऱ्या प्रमाणापेक्षा फुगतो. म्हणून दोन शिखरे वेगळी दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. ॲस्कॉर्बेट मेंदूतल्याइतके ठेवून त्यातच अंशशोधन करावे, म्हणजे डोपामीनच्या ज्ञात प्रमाणांना किती प्रवाह मिळतो ते ठरवावे. पीएच 7.4 ला डोपामीन धनभारित आणि ॲस्कॉर्बेट ऋणभारित असल्यामुळे नाफिऑन या ऋणभारित पॉलिमरचा थर ॲस्कॉर्बेटला दूर ठेवतो, परंतु तो जाड झाला तर प्रतिसाद मंदावतो.

शिखर कमी विभवाला सरकले की लगेच ‘उत्प्रेरण’, म्हणजे थरामुळे अभिक्रिया सोपी झाली, असे लिहून टाकणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. सच्छिद्र थरात अडकलेल्या द्रावणामुळेही शिखर तसेच सरकते आणि नॅनोट्यूबमध्ये उरलेले लोह किंवा निकेलही काही अभिक्रियांत उत्प्रेरणाचे श्रेय नॅनोट्यूबला मिळवून देते. स्कॅनचा वेग, म्हणजे विभव बदलण्याचा वेग, बदलून पाहावा: शिखरप्रवाह वेगाच्या वर्गमुळाऐवजी थेट वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, तर अडकलेल्या किंवा पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचा संशय आधी घ्यावा.

विभवाच्या प्रत्येक फेरीत शिखर खुजे होत असेल, तर क्विनोनपासून बनलेला पॉलिडोपामीन या पॉलिमरचा लेप पृष्ठभागावर साचत आहे असे समजावे. साधा इलेक्ट्रोड 0.05 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने घासून पूर्ववत करता येतो. लेपित इलेक्ट्रोडवर तसे केल्यास नॅनोथरच निघून जातो, त्यामुळे तो इलेक्ट्रोड नव्याने तयार करावा. डोपामीनचे द्रावण गुलाबी किंवा तपकिरी झाले असेल तर ते टाकून द्यावे.

ऊतीत वापरलेल्या इलेक्ट्रोडवर प्रथिने चिकटतात आणि संवेदनशीलता घटते. त्यामुळे केवळ आधीच्या अंशशोधनावर विसंबून न राहता, इलेक्ट्रोड बाहेर काढल्यावर ते पुन्हा करावे.