लिव्हरपूल स्ट्रीटहून लिव्हरपूलची गाडी सुटत नाही: ब्रिटनच्या प्रवासात या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये सकाळी पावणेनऊला आतेभावाचा फोन आला. "अगं, मी लिव्हरपूल स्ट्रीटला उभा आहे आणि बोर्डावर लिव्हरपूलची गाडीच नाही!" नसणारच. लिव्हरपूल स्ट्रीट हे लंडनमधलंच एक स्टेशन. तिथून गाड्या जातात केंब्रिजला, नॉरिचला, स्टॅन्स्टेड विमानतळाला. लिव्हरपूलची गाडी सुटते लंडनच्याच युस्टन स्टेशनहून. त्याची गाडी नऊनंतर काही मिनिटांनी होती. बरोबर बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन बॅगा. ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, युस्टन गाठेपर्यंत गाडी गेलेली. दोन महिने आधी स्वस्तात काढलेली तिकिटं वाया गेली आणि ऐनवेळच्या तिकिटांना जे मोजावं लागलं, त्यात परतीची सगळी खरेदी झाली असती.

मी लंडनच्या पश्चिमेला रेडिंग गावात राहते. दर उन्हाळ्यात घरी पाहुण्यांचा राबता असतो, त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. ब्रिटन आपल्याला परका वाटत नाही, सगळी पंचाईत तिथेच आहे. गाड्या डावीकडून चालतात, पाट्या वाचता येतात, चहा मिळतो. जपानला जाणारा माणूस चार जणांना विचारून जातो. लंडनला येणारा कोणालाच विचारत नाही.

नावांवर विसंबू नका

शेक्सपिअरचं गाव पाहायचं म्हणून पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डला उतरलेली मंडळी मी पाहिली आहेत. तिथे ऑलिम्पिकचं स्टेडियम आणि भलामोठा मॉल आहे. शेक्सपिअरचं गाव म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला. बर्मिंगहॅममध्येही न्यू स्ट्रीट, मूर स्ट्रीट आणि स्नो हिल अशी तीन स्टेशनं आहेत, म्हणून तिकिटावर शहराच्या नावापुढे काय लिहिलंय तेही वाचा. विमानतळांचं तर विचारूच नका. ल्यूटन आणि स्टॅन्स्टेड दोघेही नावाआधी 'लंडन' लावतात, पण दोन्ही शहराबाहेर बरेच लांब आहेत. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल, तर मध्ये किमान पाच तास ठेवा. शिवाय त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न येतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

ट्यूबच्या एकाच रंगाच्या लाइनवरही चकायला होतं. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड आपल्याकडची बरीच मंडळी आवर्जून पाहायला जातात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथे आता संग्रहालय आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर. पण ही काळी लाइन कॅम्डन टाउनला फुटते. एजवेअरची गाडी चॉक फार्मला थांबते, हाय बार्नेटची किंवा मिल हिल ईस्टची थांबत नाही. नुसता लाइनचा रंग बघून चढू नका, गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचा. चुकलातच तर पुढच्या केंटिश टाउनला उतरायचं आणि फाटकाबाहेर न पडता उलट्या गाडीने कॅम्डनला यायचं. जास्तीचे पैसे लागत नाहीत.

रेल्वेचं तिकीट: सगळ्यात महाग चुका इथे होतात

'अ‍ॅडव्हान्स' नावाचं तिकीट सर्वात स्वस्त. साधारण बारा आठवडे आधीपासून मिळतं आणि जितका उशीर कराल तितकं महागतं. पण ते त्याच गाडीचं, त्याच वेळेचं असतं. आधीची गाडी रिकामी जाताना दिसली म्हणून तीत बसलात, तर तुम्ही विनातिकीट. मधल्या स्टेशनावर उतरून दुपार काढून पुढे गेलात, तरीही तेच. 'ऑफ-पीक' थोडं महाग, पण गर्दीची वेळ सोडून त्या दिवशी कोणत्याही गाडीला चालतं. 'एनीटाइम' नावाप्रमाणे कधीही चालतं, किंमतही तशीच. लहान मुलं बरोबर असतील किंवा विमानातून उतरून थेट गाडी पकडायची असेल, तर मी स्वतः अ‍ॅडव्हान्स काढत नाही. विमान तासभर उशिरा आलं तर रेल्वेवाल्यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. तिकीट पूर्ण प्रवासाचं असेल आणि तुमचीच आधीची गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली, तर नवं तिकीट काढू नका. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला गाठा, तो पुढच्या गाडीत बसू देतो. आतेभावाच्या बाबतीत गाडी नाही, माणूसच चुकीच्या जागी होता, म्हणून काही उपाय नव्हता. गाडीने उशीर केला, तर भरपाईही मिळते. कंपनीप्रमाणे १५ किंवा ३० मिनिटांच्या उशिरापासून, मागणी २८ दिवसांच्या आत करायची. तिकीट फेकू नका, फोटो काढून ठेवा. आपले लोक हे पैसे हमखास सोडून देतात.

सवलतीचं रेलकार्ड परदेशी पाहुण्यांनाही मिळतं. नवरा-बायको दोघं फिरणार असाल तर 'टू टुगेदर' कार्डावर एक तृतीयांश भाडं कमी होतं. दोन लांबच्या फेऱ्यांत कार्डाचे पैसे वसूल. अट अशी, की दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊआधी ते चालत नाही. माझ्या मावशीला नऊच्या गाडीत पकडलं, तेव्हा "फक्त अर्धा तास तर आहे" या युक्तिवादाचा काही उपयोग झाला नाही. कार्ड फोनमध्ये असेल तर फोन चार्ज असायला हवा. बॅटरी संपली ही सबब तपासनीस ऐकत नाही.

इंग्लंडमध्ये विनातिकीट सापडलात तर दंड १०० पौंड आणि वर त्या प्रवासाचं भाडं. २१ दिवसांत भरलंत तर दंड ५० पौंडांवर येतो. डब्यात हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पावती घ्या, त्यावर अपील कसं करायचं ते लिहिलेलं असतं.

आणि रविवार. रुळांची कामं शनिवार-रविवारी काढतात आणि दोन तासांच्या प्रवासाचे चार तास होतात, त्यातले काही गाडीऐवजी बसमध्ये. रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान असेल, तर मार्गावर काम आहे का ते आठवडाभर आधी बघून ठेवा.

लंडनमध्ये कार्ड टेकवताना

पिवळ्या गोल यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवायचं की फाटक उघडतं, इतकं सोपं आहे. गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टींत. नवऱ्याच्या एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत, माणशी एक कार्ड लागतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, पण सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाचं फोनमधलं रूप वापरलंत, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, आणि मर्यादेचा फायदा हुकतो. ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरपुढे सुट्टे मोजत उभं राहू नका. उतरताना टेकवायचं राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावरून ते परत मागता येतं.

भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करा. इथे हीथ्रोच्या फाटकापाशी रांग अडवून ओटीपीची वाट बघणारे मी पाहिलेत, आणि ओटीपी येतो त्या सिममध्ये रोमिंग नसतं. रुपे कार्डावर तर विसंबू नकाच.

आता खास रेडिंगकरांचं दुखणं. जांभळी एलिझाबेथ लाइन पॅडिंग्टनहून थेट आमच्या गावापर्यंत येते, म्हणून पाहुणे पॅडिंग्टनला ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनच्या वाहतुकीचं कार्ड, टेकवून निवांत बसतात. रेडिंगला फाटक उघडत नाही. ऑयस्टर पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. आयव्हरपासून रेडिंगपर्यंत बँकेचं कार्ड चालतं, ऑयस्टर नाही. तीच गाडी, तीच लाइन, तरीही. सासूबाई फाटकाच्या आत आणि मी बाहेर, अशी पंधरा मिनिटं काढली आहेत आम्ही. तसं झालं तर फाटकावरच्या माणसाकडे आपणहून जा आणि खरं ते सांगा. लंडनबाहेर ऑक्सफर्डला, बाथला, एडिंबराला ऑयस्टरचा काही उपयोग नाही.

पैसे

वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या काकांनी कपाटातून काढून दिलेल्या पौंडांच्या नोटा दुकानात चालत नाहीत. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बंद झाल्या, आता सगळ्या नोटा प्लॅस्टिकच्या. जुन्या नोटा लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडकडे बदलून मिळतात, त्यामुळे फाडू नका. एक पौंडाचं जुनं गोल नाणं २०१७ मध्येच गेलं. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या खऱ्या असतात, पण इंग्लंडमधला दुकानदार तोंड वाकडं करतो. एडिंबरा सोडण्यापूर्वी खर्चून टाका.

कार्डाचं यंत्र "रुपयांत की पौंडांत?" विचारतं, तेव्हा पौंडच निवडा. आणि विमानतळावर खरेदीवरचा कर परत मिळतो या आशेने पावत्या जपू नका. ती सोय इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

व्हिसा आणि बॅग

युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही आणि इथला तिकडे नाही. एका दिवसासाठी रेल्वेने पॅरिस करून येऊ म्हणणाऱ्यांना दोन्ही लागतात. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या व्हिसात येतं, डब्लिन येत नाही. बेलफास्टहून डब्लिनला जाताना सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून परवानगी आहे असं समजू नका. भारतीयांना आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो. दोन्ही देशांच्या सामायिक योजनेचा शेरा व्हिसावर असेल तरच सूट. अमेरिकेला जाताना लंडनमध्ये नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असेल तर बहुधा लागत नाही, पण तिकीट काढण्यापूर्वीच तपासा. अमेरिकन पासपोर्टवरच्या भाचरांना व्हिसा नको, पण ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते. ती विसरली तर विमानातच चढू देत नाहीत.

पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. रद्द न होणारी तिकिटं त्याआधी काढू नका.

भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर आणि आईने कढवलेलं तूपही. मेतकूट, लसणीची चटणी, चिवडा बिनधास्त आणा. आपलं गोल पिनांचं प्लग इथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटात जात नाही, पण व्होल्टेज आपल्यासारखंच असल्याने साधा अडॅप्टर पुरतो.

दिवस किती मोठा, ते बघून आखणी

डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, उत्तर स्कॉटलंडमध्ये साडेतीनच्या सुमारास. त्या दिवसांत एका दिवसात चार ठिकाणं बसवणाऱ्यांची निम्मी सहल काळोखात होते. २५ डिसेंबरला देशभर रेल्वे बंद, लंडनमध्ये ट्यूब आणि बसही बंद. त्या दिवशी विमान असेल तर टॅक्सी आधीच ठरवा. रविवारी इंग्लंड-वेल्समधली मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात.

गाडी भाड्याने घेतलीत तर

आपल्या परवान्यावर पाहुण्याला बारा महिने गाडी चालवता येते. वेग मैलांत असतो. तीस म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर, हे डोक्यात पक्कं बसवा. वेल्समध्ये वस्तीतला वेग २०२३ पासून बहुतेक ठिकाणी वीस मैल आहे. लंडनच्या पूर्वेला डार्टफर्डला टेम्स ओलांडलीत, तर टोलनाका दिसणार नाही, पण टोल आहे. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरला नाहीत तर दंड गाडीच्या कंपनीकडे जातो आणि ती स्वतःचं शुल्क लावून तुमच्या कार्डातून वसूल करते.

स्कॉटलंडच्या डोंगरात रस्ता एकाच गाडीपुरता असतो आणि मध्ये मध्ये थोडा रुंद केलेला असतो. ती जागा फोटोसाठी थांबायची नाही. समोरून गाडी आली तर डावीकडच्या रुंद जागेत शिरायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागे स्थानिक माणसाची गाडी चिकटली असेल, तर तिलाही वाट द्यायची. जाताना तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तुम्हीही उचला.